कणकेच्या वासातली सवत

मंडळी, मत्सर पाप की पुण्य? पाप म्हणता? बरं! मग नवऱ्याच्या डोक्यात सवत बसलीय, आणि ती सवत म्हणजे गांजा — तर बायकोनं जळावं की नाही? ऐका तर!

केरबा पखवाजी. हात असा, की थाप पडली की म्हातारे मान डोलवायचे! पण पखवाजाच्या डाव्या तोंडाला ओली कणीक लावतात ना, ती मळता मळता मित्रांची चिलीम फिरायची. वीस वर्षं! शेवटी माणूस झिजला. बायकोनं, हौसानं, त्याला व्यसनमुक्ती केंद्रात घातलं. सात महिन्यांनी सुटला, घरी आला.

हौसा पोळ्यांना बसली. परातीत कणीक मळली — आणि केरबा थिजला! डोळे भरले, श्वास लांबला. हौसा लाजली हो! म्हणाली, "एवढी याद आली व्हय माझी?"

केरबा उठला. "जरा माळावर जाऊन येतो."

माळावर कुणाची चिलीम फिरते, हे गावाला ठाऊक! हौसा दारात आडवी उभी राहिली. "सात म्हैने मी वाट बघितली, आन् माझ्या परातीत तुम्हाला ती दिसली?"

दुसऱ्या दिवशी केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंपुढं उभी. "बाई, कापून काढा तिला!"

बाई म्हणाल्या, "मावशी, कानाच्या आतल्या बाजूला मेंदूचा एक भाग असतो. कुठं, कधी, कुणाबरोबर, सगळं जपतो. त्याच्या पुढ्यात बदामाएवढा दुसरा, तो त्या आठवणीला धार लावतो. खोलवर तिसरा, तो 'हवं, हवं' करतो. 'थांब' म्हणणारा कपाळामागं, पण गांजानं तो दमलाय. कणकेचा वास आला की आधीचे तिघं उठतात, हा मागं पडतो. जुनी आठवण पुसली जात नाही. त्याच वासाशेजारी नवी बसवा. रोज."

"म्हंजे सवतीसंगं नांदायचं?"

"नांदायचं!"

जळफळत घरी आली! पण रोज सकाळी कणीक मळायची, स्वतःच्या हातानं पखवाजाला लावायची. "वाजवा!" कधी तो चप्पल शोधायचा. ही म्हणायची, "कणीक वाळंल. वाजवून जावा." वाजवता वाजवता तलफ ओसरायची. रोज नाही हं मंडळी! कधी कधी तो परातीपुढं बसून रडायचा.

मग आला देवीचा उत्सव. केरबाच्या हातात कणकेचा गोळा, आणि जुना मित्र कानाशी — "बरा झालास की! एका झुरक्यानं काय होतंय?"

मंडप बघतोय! केरबा ओरडला, "हौसाला बोलवा!"

पुरुषांच्या गर्दीतून बाई आली. गोळा हिसकावला, पखवाजाला थापला. कुणीतरी कुजबुजलं, "बाईनं हात लावला!" तिनं बघितलंसुद्धा नाही. नवऱ्याला विचारते, "आज बी तीच आठवली न्हवं?"

"आठवली."

"आन् मग?"

"तिच्यामागनं तू आलीस."

"मागनं? पुढनं आले पायजे!" भरल्या मंडपात भांडली बाई! आणि केरबानं अशी थाप दिली, की म्हाताऱ्यांच्या माना डोलायला लागल्या.

आता सांगा, पापी कोण? जळणारी हौसा, की गोड बोलणारा मित्र? हसू नका! लग्नात, हुरड्याला, व्यसन सोडलेल्या माणसापुढं "आजच्या दिवस घे रे" म्हणणारे इथंच बसलेत. त्याच्या कपाळामागं केवढी झटापट चाललीय, तुम्हाला दिसते का? निदान तुम्ही तरी त्या तिघांच्या बाजूनं उभे राहू नका!

चला, नाव घ्या देवाचं. आणि ज्याचा हात खिशातल्या पुडीवर आहे, त्यानं आधी दोन्ही हातांनी टाळी वाजवावी!