ज्योत विटकरी निघाली

सन्माननीय अध्यक्ष महोदया, व्यासपीठावरचे मान्यवर, माझे सहकारी आणि मागे चहाच्या वासानं अस्वस्थ झालेल्या विद्यार्थी मित्रांनो,

माझ्याबद्दल आत्ता इतकं चांगलं बोललं गेलं, की हा गृहस्थ कोण ते मलाच मागे वळून बघावंसं वाटलं. निरोपाच्या दिवशी माणसाला कुणी अडवत नाही, त्याचा थोडा फायदा घेतो.

आम्ही आयुष्यभर केलं काय? हॉर्मोन सोडणाऱ्या पेशींची दारं पाहिली. या दारांतून कॅल्शियम आत आलं की हॉर्मोन बाहेर पडतं. दाराला कॅल्मोड्युलिन नावाचं प्रथिन चिकटलेलं असतं. कॅल्शियम पुरेसं आलं, हे त्याला कळतं आणि ते दार मिटवतं. बेरियमही त्याच दारानं शिरतं, पण या पहारेकऱ्याला ते जाणवत नाही. दार उघडंच राहतं. पुढचं सगळं एवढ्यावरच आहे.

सव्वीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एक विद्यार्थिनी होती. तिला सगळे मुंगी म्हणत, कारण ती सतत कामात असे आणि आवाज म्हणून नसे. एका सकाळी तिनं माझ्यापुढे आलेख ठेवला. "सर, कॅल्शियम दिलंय, तरी दार मिटत नाहीये. कॅल्मोड्युलिनच्या जागी दुसरंच प्रथिन बसलं असेल का?"

मी आलेख पुरता पाहिलाही नाही. सगळ्यांदेखत म्हणालो, "बाई, बाटली बदललीय तुझी. हे बेरियम आहे." सगळे हसले. मीही हसलो आणि ती बाटली पुरावा म्हणून जप्त करून कपाटात टाकली.

"तपासून बघू या ना, सर."

"उगाच वेळ घालवू नकोस."

महिन्याभरात तिनं संशोधन सोडलं.

सहा वर्षांनी दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं नेमकं तसलंच प्रथिन दाखवलं. मग मी काय केलं? स्वतःची समजूत घातली, की प्रथिन असेल, पण मुंगीच्या बाटलीत बेरियमच होतं. या एका वाक्यावर मी वीस वर्षं काढली. तरी तिच्या टेबलाशी स्टूल सरकल्याचा आवाज झाला, की वाटायचं, आली आलेख घेऊन. आजही वाटतं.

मागच्या सोमवारी कपाट रिकामं करताना ती बाटली हाताला लागली. तार बुडवली, ज्योतीत धरली. बेरियम असतं तर ज्योत हिरवट झाली असती. ती विटकरी झाली. कॅल्शियम. दोन मिनिटंही लागली नाहीत हो.

मी तिचा फोन नंबर मिळवला. फोन तिच्या थोरल्या बहिणीनं उचलला. मुंगी चार वर्षांपूर्वी गेली. त्या म्हणाल्या, "तुमच्याबद्दल कधी वाईट बोलली नाही ती. म्हणायची, सर म्हणाले म्हणजे माझ्याच हातून बदलली असणार. शेवटपर्यंत साखरसुद्धा चाखल्याशिवाय चहात घातली नाही तिनं."

तिनं माझं खरं मानलं, याचं काय करू?

असो. अध्यक्ष महोदया, वेळ जास्त घेतला. आयोजकांचा आणि आपणा सर्वांचा मी ऋणी आहे. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल, तर सभागृहानं पोटात घालावं.

ताई, मी बोलावलं म्हणून तुम्ही आलात, तिसऱ्या रांगेत बसला आहात. बाटली मी बरोबर आणली आहे. वर चिकटवलेल्या चिठ्ठीवर तिच्या अक्षरात 'कॅल्शियम' लिहिलंय. बरोबर लिहिलंय.