उलट्या बाजूचा खळगा

बायको गेली, तशी तिची मातकामाची पुस्तकं त्यांनी ती शिकली त्या कॉलेजच्या कला विभागाला देऊन टाकली आणि ते बाहेरच्या बसथांब्यावर येऊन बसले. शेजारी दोन विद्यार्थिनी होत्या. एकीच्या मांडीवर कपांचं खोकं होतं.

"मॅडम म्हणाल्या, फळी रिकामी करा. जुन्या मुलांचे कप किती वर्षं सांभाळायचे?"

"अगं, पण पास होऊन जाताना प्रत्येकाने एक कप मागे ठेवायचा, ही रीतच आहे ना?"

"रीत आहे, जागा नाही. चांगले आपण वाटून घेऊ. उरलेले कुटून मातीत घालू. भाजलेला चुरा असला की माती भट्टीत तडकत नाही."

"मग आधी हा कुट. कानावर अंगठ्यासाठी खळगा केलाय, तोही उलट्या बाजूला. धरून तर बघ!"

"डाव्या हातात धर, शहाणे."

"अय्या, अंगठा बसला की!"

"डावखुरी असणार बिचारी. चाकही उलटं फिरवत असेल, सरांची बोलणी खात."

"बोलणी खायची, पण ऐकायची नाही," ते न राहवून म्हणाले.

"काका, तुम्ही ओळखता यांना?"

"आमच्या घरचे सगळे कप असेच आहेत. चाळीस वर्षं कुरकुर करत चहा प्यायलो त्यातून. हा मला द्याल?"

"घ्या ना. पण तुम्हाला धरता येईल?"

त्यांनी कप डाव्या हातात घेतला आणि खळग्यावर अंगठा टेकवला.

"बसला का, काका?"

"नाही गं. तिचा बारीक होता."