पारबताचा आंबा

—नाई, हातात नका धरू. तिथं ठेवा, पायरीखाली. कोणी नेत नाई तुमच्या चपला, मी हाय नं बसलेला. काऊन काढायच्या? फरशी जुनी हाय म्हणून. पाटीवर लिहिलं हाय तसं. पाटी नव्हती तवाही लोक काढतच होते—पण पायरीखाली नाई, तिकडं. ते चिंचेचं झाड दिसते? तिथून काढायच्या अन् काखेत धरून यायचं, ऊन असो का चिखल. आता फरशीसाठी काढतात. आता सगळेच काढतात, नागपूरचे साहेब लोक बी, म्हणून मले बरं वाटते. मुकाट्यानं काढतात बिचारे. चला. तुलसीराम म्हणतात मले. ही कोठी मी दाखवतो, दुसरा कोणी नाई. लोकेंद्रभाऊ—मालगुजाराचे पणतू—ते गोंदियाले राहतात, रविवारी येतात. कोठी त्यायनंच नीट केली. रंग, कौलं, बगीचा, सगळं. तुम्ही एकट्याच आल्या? बरं. नवेगावचा बांध पाहून लोक इकडं येतात, तुम्ही उलट्या आल्या.

ही बैठक. इथं मालगुजार दुर्गाप्रसादजी बसत. ही सागवानी बंगई, झोपाळा म्हणा, त्याच काळची, कड्या पितळेच्या—बसू नका, पाहा फक्त. वरती तो कापडी पंखा. वीज नव्हती तवा. दोरी या भोकातून पलीकडं जाते, तिकडं भिंतीमागं माणूस बसे ओढाले. त्याले बैठक दिसत नसे, बैठकीतल्यायले तो दिसत नसे. वारा तेवढा ये. लोकायले हे लई आवडते, लेकरं दोरी ओढून पाहतात. ओढा तुम्ही बी. नाई ओढत? बरं—काय म्हणलं? पारबता? कोण पारबता? नाई. असं कोणी नाई इथं. मालगुजाराच्या घरात पारबता नाव नव्हतं कोणाचं. गावात असन, गावात काय, पारबता दर घरी असतात. चला, पुढं चला, अंधार व्हायच्या आधी बगीचा पाहायचा हाय तुमाले.

हा सैपाक. या चुली तशाच ठेवल्या. इथं माझी माय होती. होय, माझी सख्खी माय. कोठीच्या सैपाकात. आमच्या गावात लई कमी बायायले या उंबऱ्याच्या आत येऊ देत—धुणंभांडं मागल्या दारी, पाणी मागल्या दारी—पण माझी माय इथं, आत. माझ्या सुनेले मी हेच सांगतो. नातीले बी. खुशी नाव हाय तिचं, कॉलेजात जाते, ती मैत्रिणीयले सांगते, माझी पणजी मालगुजाराच्या कोठीत सैपाकीण होती. खरं हाय ते. त्यात खोटं काई नाई. त्याच्या पहिले कुठं होती? पहिले म्हणजे? पहिले—घरीच. कायले विचारता? घाला चपला, बाहेर चला, बगीच्यात गोखरू लई हाय.

हे गुलाब नवीन. हे गवत बी नवीन, याले रोज पाणी लागते, पाइपनं देतो मी. खरा बगीचा तो समोर. सात आंबे. अशी झाडं पाहिली कधी? दोन माणसायच्या कवेत येत नाई. अन् हे मामा तलावाच्या, म्हणजे माजी मालगुजारी तलावाच्या, पाळीपासून एका रांगेत—पाहा, सुतात हाय की नाई? उतार असा की तलावाचं पाणी इकडं चढत नाई. म्हणून पाणी आणून घालावं लागे. आता पाडाले आले आंबे, पंधरा दिवसांनी या, वास येते सडकेपर्यंत. अन् ह्या पाट्या—ह्या आजच लावल्या, सकाळी, मीच. पत्र्याच्या हाय. वाचा. राजकुमारी देवी. भूमेश्वरी देवी. अशा सात. मालगुजारानं आपल्या पोरीयच्या नावानं एकेक झाड लावलं, अशी—अशी गोष्ट हाय. लोकायले आवडते. हसल्या काऊन? हाव, दुर्गाप्रसादजीले पोरी दोनच. तुमाले कोणी सांगितलं? बरं, दोनच. बाकीच्या पाच पोरी पेंटरनं पैदा केल्या. लोकेंद्रभाऊ म्हणे, "काका, बढिया कहानी है, यही लिखवाते हैं," अन् मोबाईलात पाहून नावं काढली चांगली-चांगली. कहाणी कोणाची? माझी. मीच सांगितली पहिल्यांदा. एक मॅडम आली होती पुण्याची, तिनं विचारलं, बाबा, गावातले लोक या झाडायले बायायच्या नावानं काऊन बोलावतात? मी उभा होतो असा, टोपी घालून, कोठीचा माणूस. काय सांगू तिले? तोंडातून निघून गेलं, पोरीयची नावं हाय म्हणून. मंग दर खेपेले तेच निघे. इतके वर्स तोंडीच होतं, कोणाचं काई बिघडलं नाई. आता पत्र्यावर आलं.

काई नाई, चालत राहा. चप्पल? हाव, काढली मी. या चौथ्या झाडाखाली काढतो. सवय हाय. गोखरू टोचते तर टोचते, तुम्ही घालूनच चला, तुमाले कायले पायजे. ती पुढं घालीन मी आता. घातली. पाहा.

परत तेच. पारबता. बाई, तुम्ही मघापासून—कोण सांगितलं तुमाले? आजी? तुमची आजी काय म्हणत होती? "माझा आंबा." तलावाकडून तिसरा. असं म्हणत होती? कुठं राहता तुम्ही? फुलचूरले. बिड्या वळाले तिकडं गेली असं ऐकलं होतं कधीचं, वळत होती का आजी? होती—मंग तीच. बसा जरा या पारावर. नाई, मले काई झालं नाई, मीच बसतो, तुम्ही उभ्या राहा वाटल्यास. जिवंत हाय? गेली. कधी? होळीनंतर. म्हणजे आता-आतापर्यंत होती अन् फुलचूरले होती, बसचा एवढासा रस्ता, अन् इथं सगळे समजून बसले का पारबता कधीचीच गेली. कोणी पाहाले गेलं नाई. मी बी नाई.

ऐका. मालगुजारी कायद्यानं गेलती तवा, पण कोठीले कोणी कळवलं नव्हतं. ज्याची झोपडी कोठीच्या जागेत, त्यानं कोठीचं काम करायचं, फुकट. माणसं नांगरावर. अन् बायायले झाडं. एकेका घरच्या बाईले एकेक रोपटं नेमून दिलं. तलावातून कावडीनं पाणी आणायचं अन् ते जगवायचं. झाड वाळलं का झोपडी उठली. म्हणून लोक म्हणत, हा मंगरीचा आंबा, हा झिंगीचा, हा पारबताचा. जिनं जगवला तिचा. नुसतं म्हणायले. एका उन्हाळ्यात तलाव सुकला पार. बाया तलावाच्या पोटात खड्डे करून वाटी-वाटीनं पाणी काढत. तुमच्या आजीचं रोपटं मान टाकून राहिलं. तिनं काय केलं? घरची पेज आणली. तांदळाची पेज, लेकरायच्या तोंडची, ती मुळाशी ओतली. गावच्या बाया हसल्या, म्हणे पारबता झाडाले जेवू घालून राहिली. पण जगलं. पाहा नं कसं जगलं, हेच, हा तिसरा. सातात सगळ्यायहून गोड. लोकेंद्रभाऊ याच्याच पेट्या भरून पाहुण्यायले देतात. मी सांगतो त्यायले, मालगुजाराच्या पोरीचा आंबा, खाऊन पाहा.

पुढं? पुढं काई नाई. तिनं सांगितलं नाई तुमाले? कधीच नाई? मंग मी कायले सांगू. नाई—बसल्या आता तुम्ही बी. बरं. पहिल्यांदा मोहर धरला त्या वर्सी. आंबा तोडायचा नाई, हे तर होतंच. पडलेला बी उचलायचा नाई. पडलेले टोपलीत जमा करून कोठीले द्यायचे, हिशेब लागला पायजे एकेका फळाचा. पारबताले दिवस होते. पहिलंच नाई, पण डोहाळे तसेच लागले आंबटाचे. वारा सुटला, एक कैरी पडली. तिनं पदराखाली घेतली. झालं. एक कैरी, एवढीशी, कोय बी धरली नव्हती तिच्यात. दुसऱ्या दिवशी बाजार. त्याच दिवशी, मुद्दाम. अर्धी खाल्लेली कैरी सुतळीत ओवून तिच्या गळ्यात घातली अन् तिले या झाडाखाली उभं केलं, बाजार उठेपर्यंत. जाणारा-येणारा पाहे. बाजार उठला तशी ती नवऱ्याचा हात धरून पाळीवरून चालत गेली, लेकरायसकट. गाडगं-मडकं बी नेलं नाई. पोटात होतं ते तुमचा बाप असन. हाव? पाहा मंग. त्याच्यासाठी खाल्ली होती तिनं.

कोणी सांगितलं कोठीले? मले काय माहीत. मी लहान होतो. कोणी तरी सांगितलं असन. पाहिलं असन बाजूच्या झाडावालीनं, आणखी कोण पाहणार—तिचीच खेप होती पाण्याची. बाई तशी वाईट नव्हती. अडलेली होती. तिच्या कडेवर पोट्टं होतं, सकाळपासून रडून राहिलं होतं भुकेनं, अन् मुनीम उभा, म्हणे टोपलीत एक कमी काऊन दिसते, सांग, नाई तर दोघींची झोपडी उठते. दोघींची. तर तिनं—तिनं नुसतं पाहिलं पारबताच्या पदराकडं. पाहिलं फक्त. ते पुरलं. संध्याकाळी तिले निरोप आला, उद्यापासून आत ये, सैपाकाले. त्या रात्री पोट्ट्याले पेज नाई भेटली, भात भेटला. सुटा भात, वरून तूप. एवढा भात मी कधी—त्यानं कधी पाहिला नव्हता. खाल्ला, खाल्ला, पोट दुखेपर्यंत खाल्ला. माय समोर बसून होती, ती जेवली नाई. पुढं बी कोठीचा भात तिनं कधी खाल्ला नाई, घरी येऊन पेज पिई. आम्ही म्हणू, माय, खात काऊन नाई? तर उठून भांडी घासाले घे.

काय पाहून राहिल्या माझ्याकडं? मी त्या पोट्ट्याची गोष्ट सांगून राहिलो. होतं एक पोट्टं गावात.

थांबा. पक्कड हाय माझ्या खिशात, सकाळची. खिळे दोनच ठोकले, खोल नाई ठोकले. हे पाहा—हे निघालं. ही तुमची राजकुमारी देवी. न्या घरी, कशावर झाकण ठेवाले होईन. लोकेंद्रभाऊले मी सांगीन, वाऱ्यानं पडली. नाई, खरं नाई सांगत मी. या वयात नाई होत माझ्याकडून. दुसरी पाटी कोण लिहिणार? मले चार अक्षरं येतात, खिशात कोळशाचा तुकडा हाय, खोडावरच लिहितो, या. प—पा—र—ब—ता. वाकडं झालं. पाऊस आला का जाईन. तुम्ही फोटो काढून घ्या. हात लावा झाडाले, लावा, तुमचंच हाय. अन् ही कैरी. घ्या म्हणतो. आता कोणी टोपली मोजत नाई, मीच मोजणारा हाय, अन् मी नाई मोजत.

नाई. तो नाई. चौथा राहू द्या. त्याची पाटी बरी हाय. भूमेश्वरी देवी, चांगलं नाव हाय. रविवारी माझी नात येते मैत्रिणी घेऊन, तिले मी सांगितलं हाय, सात झाडं, सात देवी, अन् पणजी आत, सैपाकात. ती आता काई तरी शिकून राहिली, फोटो-गिटो काढते. तिले काय दाखवू? कायले मागता तुम्ही कोळसा? नाव नाई माहीत मले त्या बाईचं. विसरलो. म्हणलं नं विसरलो. चला, गेट बंद करायची वेळ झाली, शेवटचा ऑटो जाते, मंग पायी जा नवेगावपर्यंत. इकडून जा, चौथ्याच्या खालून, जवळ पडते.

—हे काय? काऊन चपला काढून राहिली तू? फरशी नाई तिथं, माती हाय. गोखरू हाय तिथं. पोरी, तुले सांगितलं नं, ती माझी सवय हाय, तुले काई गरज नाई—तुझ्या आजीले गळ्यात—तू नको काढू. तू तर नकोच काढू. घाल. घाल म्हणतो नं. ऐकू नाई येत? जा. गेट लावायचं हाय मले. जा.