जिन्यातून केलेला फोन

शिट्टी हो, कुकरची शिट्टी! आपल्याच घरातली, पण ऐकली कुठं? परक्या गावात, अर्धवट बांधलेल्या इमारतीच्या गच्चीवर, फोनमधून! कित्येक वर्षं झाली त्याला. आधी शिट्टी आली, मागून बायको आली, "थांबा हं, गॅस बारीक करते," म्हणाली, आणि मी थांबलो... तुम्हाला सांगतो, तो जो थांबलो तो जन्मभर थांबलोच!

धंदाच तसा ना. लिफ्ट बसवायच्या. आज हे गाव, उद्या ते. लिफ्टच्या बोगद्यात फोन लागत नाही, म्हणून संध्याकाळी गच्चीवर चढायचं आणि तिथून संसार करायचा! आणि आमच्या कामात बोलणं ते किती? "वर." "खाली." "थांब." चौथा शब्द काढला की कुणाची तरी बोटं जायची! मग घरीही बोलायचं काम सगळं तिच्याकडं. "अहो, लेकीला दात आला!" मी म्हटलं, हं. "लेकीला बघून गेले, मुलाचं नाक जरा मोठं आहे, पण चालेल ना?" मी म्हटलं, हं. झालं, उरकलं लग्न! एकदा म्हणाली, "अहो... आई गेल्या." मी म्हटलं, हं. काय म्हणणार? खाली जोडीदार दोराला लटकलेला, बोंबलतोय, "काका, वर घ्या की, पाय बधिर झाले!" त्याला वर घेतलं. त्याचे पाय चोळून दिले. माझं काय बधिर झालं, ते बघायचं राहूनच गेलं...

आता कायमचा घरी आलोय. वाटलं, आता समोरासमोर बसून बोलेल. कसलं काय! रोज संध्याकाळी फोनची वेळ झाली की ही खिडकीजवळ बसते, फोन मांडीवर घेऊन. ती फोनकडं बघते, मी तिच्याकडं बघतो. "काय म्हणतेस?" "काही नाही. चहा ठेवू?" मी म्हटलं, हं.

त्यात ठेकेदाराचा फोन. "काका, एकच इमारत! तुम्ही नुसती खुर्ची टाकून बसा, पोरांवर नजर ठेवा!" मी म्हटलं, हं. तर म्हणतो, "शाब्बास! शुक्रवारी गाडी पाठवतो!" अहो, ते हं म्हणजे हो नव्हतं! पण ऐकतोय कोण? मला नव्हतं जायचं. हिनं एकदा "नका जाऊ" म्हटलं असतं तर त्याला सरळ 'नाही' म्हणून कळवलं असतं. हिला विचारलं, तर म्हणते, "बघा बाई, तुम्हाला वाटेल तसं."

मग काय करू? चपला घातल्या, खाली जिन्यात गेलो, आणि लावला घरी फोन.

"अगंबाई! अहो, किती दिवसांनी! जेवलात का?" असा आवाज फुलला म्हणून सांगू! "काय सांगू तुम्हाला, हे घरी आल्यापासून ना..."

"हे कोण?"

"हेच हो, आमचे! कपाट करकरलं की उठतात, बिजागरीला तेल घालतात, परत बसतात. तोंडातून शब्द म्हणून नाही. तुमच्याशी कसं, मन मोकळं होतं!"

मी म्हटलं, हं. खरं सांगतो, मला त्या माणसाचा राग यायला लागला! असा कसा हा? बायकोशी दोन शब्द बोलायला काय होतं याला?

"आणि आता म्हणे परत निघालेत कामाला," ती म्हणाली.

"मग? जाऊ द्यायचं, की नाही?"

तर बारीक आवाजात म्हणते, "त्यांना कसं सांगू हो मी?"

तुम्हीच सांगा, यावर कुणाला राहवेल? धावत... म्हणजे माझ्या बेतानं धावत... जिना चढलो, दार ढकललं. ती खिडकीशी, फोन कानाला. मी दारात, फोन कानाला. म्हटलं, "मला सांग की. जाऊ, का राहू?"

तिनं माझ्याकडं बघितलं. हातातल्या फोनकडं बघितलं. फोन बंद केला, खुर्ची सरळ केली आणि एक अक्षर न बोलता आत निघून गेली.

म्हणजे आता, मी जाऊ नये असं हिला वाटतं का, एवढं विचारायला... मला परगावी जाणं आलं!