तीन वेळा ‘दिवा’

दिनांक २२ नोव्हेंबर १९९९

मी, वासंती विश्राम कर्णिक, वय ४६ वर्षे, धंदा मराठी व इंग्रजी टंकलेखन, राहणार नौपाडा, ठाणे. पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून सांगते की,

वागळे इस्टेटमध्ये पहिल्या मजल्यावर माझा टायपिंगचा गाळा आहे. शेजारच्या गाळ्यात कै. सामेल यांचे जमीन मोजणीचे ऑफिस आहे. मधली भिंत प्लायवूडची आहे. सामेल सप्टेंबरात वारले. त्यांची मुलगी परदेशी असते. ती येईपर्यंत ऑफिस उघडण्याचे काम गुणाजी दामाजी तरे, वय ६१, राहणार बाळकुम, हे करीत होते. ते पूर्वी कोर्टात मराठी टायपिस्ट होते व निवृत्तीनंतर सामेल यांच्याकडेच कामाला होते. मी त्यांना भाऊ म्हणते.

सामेल यांचा कॉम्प्युटर लोखंडी जाळीच्या कपाटात बंद असतो. त्यातील सर्व माहिती सांकेतिक केलेली आहे. चालू करतानाच पासवर्ड मागतो. तो दिल्याशिवाय आतले काही वाचता येत नाही. कपाट उघडावे लागू नये म्हणून त्यांनी बिनतारी कीबोर्ड घेतला. त्याच दुकानदाराकडून मीही तसाच घेतला, कारण माझे टेबल अरुंद आहे.

जुलै महिन्यात मी एक मराठी अर्ज टाईप करीत असताना मजकुराच्या मध्येच एका बाईचे नाव आपोआप उमटले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच नाव आले. चौकशी केली असता ते पलीकडचे असल्याचे समजले. दोन्ही कीबोर्ड एकाच लहरीवर चालत होते. गुणाजीभाऊंच्या बोटांना मराठी टाईपरायटरची सवय असल्याने ते पासवर्ड म्हणून मराठी शब्दाच्या कळा दाबत. त्यांच्या कॉम्प्युटरला त्या कळांवरची इंग्रजी अक्षरे मिळत व पडद्यावर फक्त चांदण्यांच्या खुणा दिसत. माझ्याकडे मराठी अक्षरे चालू असल्याने शब्द जसाच्या तसा येई. तो शब्द मी या जबाबात घातलेला नाही. विचारल्यास साहेबांना तोंडी सांगेन.

मी भाऊंना म्हटले, “लहर बदलून घ्या. तुमचं गुपित माझ्या अर्जात येतंय.” ते म्हणाले, “र्‍हाऊ दे, बाय. तुझेशिवाय कोन वाचनार हाय?” नंतर ते गंमत करू लागले. आमच्या दोन गाळ्यांसमोरच्या बोळात संध्याकाळी अंधार असतो व तेथील दिव्याचे बटण माझ्या गाळ्यात आहे. पूर्वी ते निघताना दारातून “बाय, दिवा” अशी हाक मारीत. आता ते निघताना हाकेऐवजी कीबोर्डवर ‘दिवा’ असे टाईप करीत. माझ्याकडे शब्द आला की मी उठून बटण दाबत असे.

दिवाळीनंतर दोन इसम सामेल यांचे भागीदार असल्याचे सांगून ऑफिसात येऊ लागले. त्यांतील एकास दुसरा सहदेव म्हणे. त्यांना कॉम्प्युटर उघडून हवा होता. त्यात बाळकुमच्या जमिनींचे मोजणीचे नकाशे आहेत. भाऊ मला म्हणाले होते, “त्यान आमचे गावाच्या हद्दी हान. मालकाचे पोरीशिवाय कोनाला उघरून देनार नाय.” इसमांना मात्र ते आठवत नाही असे सांगत.

गुरुवार दिनांक १८ रोजी दुपारी भिंतीपलीकडून सहदेव याचा आवाज आला. “काका, इथे आठवत नसेल तर आमच्या खोलीवर चला. पाण्याची बोंब आहे तिकडे, पण दोन दिवस तहानलेला माणूस सगळं आठवतो.” त्यावर दुसरा हसला. हसणे ऐकल्याने मी ती चेष्टा समजले. खोली कुठे, ते मला ऐकू आले नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी सहदेव म्हणाला, “पासवर्ड मारा काका. शेवटचं सांगतोय.” माझ्या पडद्यावर ‘दिवा’ आले. थोड्या वेळाने पुन्हा ‘दिवा’ आले. सहदेव म्हणाला, “परत चुकलं.” तिसऱ्यांदा ‘दिवा’ आले. आज फारच घाई आहे असे मला वाटले. मी उठले आणि बोळातला दिवा लावला.

दार उघडे असल्याने तिघे बाहेर पडताना दिसले. गुणाजीभाऊ मधोमध होते. त्यांच्या डोळ्यांवर चष्मा नव्हता. बोळात उजेड पाहून ते थांबले. मी विचारले, “भाऊ, आज लवकर?” त्यांनी एकदा दिव्याकडे पाहिले व एकदा माझ्याकडे. सहदेव म्हणाला, “चला काका, गाडी उभी आहे.”

मी परत येऊन अर्जातले तिन्ही शब्द खोडले व अर्ज छापून दिला.

शुक्रवारी ऑफिस बंद होते. भाऊंच्या पत्नी शेवंतीबाई दुपारी माझ्याकडे आल्या. भाऊ रात्री घरी आले नव्हते. त्यांनी विचारले, “जाताना काय बोलले?” मी सांगितले, काही नाही. हे सांगत असताना माझ्या लक्षात आले की खोली दिव्याला असावी, मुंब्र्यापुढच्या दिवा गावाला. तिथेही पाण्याची बोंब असते. मी त्यांना घेऊन लगेच याच पोलीस ठाण्यात आले. टेबलावरचे हवालदार म्हणाले, “बाई, दिवा हा शब्द दिवा लावण्यासाठीच असतो. दोन दिवस वाट बघा.” हे वाक्य जबाबातून गाळू नये अशी माझी विनंती आहे.

मला विचारण्यात आल्यावरून सांगते की, ‘दिवा’ म्हणजे गाव हे मी खात्रीने सांगू शकत नाही. तीन वेळा का, याचेही दुसरे कारण मला देता येत नाही.

आज सोमवारी सकाळी शेजारचे ऑफिस उघडले. माझ्या पडद्यावर एकेक अक्षर येऊ लागले. मारणारा टायपिस्ट नव्हता. प्रत्येक कळेनंतर तो थांबत होता. दुसरा त्याला इंग्रजी अक्षरे वाचून दाखवीत होता, ती मला भिंतीतून ऐकू येत होती. शेवटच्या अक्षराला माझ्याकडे ते बाईचे नाव पूर्ण झाले. एकही चूक नव्हती. पलीकडे कोणीतरी टाळी दिली.

नंतर सहदेव माझ्या दारात आला. म्हणाला, “मॅडम, दोन पेन्सिल सेल आहेत का? आमच्या कीबोर्डचे उतरलेत.” मी नाही म्हटले. त्याने माझ्या टेबलाकडे पाहिले. “अरे, तुमचा पण सेम,” असे तो म्हणाला व बराच वेळ तेथेच उभा राहिला. मी विचारले, “तरे कुठे आहेत?” तो म्हणाला, “काका गावी गेले.”

गुणाजीभाऊंचे घर बाळकुमच्या खाडीवर आहे. त्यांना दुसरे गाव नाही.

तो शब्द त्यांनी मला कधी सांगितला नव्हता व शेवंतीबाईंनाही माहीत नाही. मीही तो कोणाला सांगितलेला नाही, त्यामुळे तो त्यांच्याखेरीज कोणाकडून मिळणे शक्य नाही. शब्द मिळेपर्यंत त्या इसमांना भाऊंची गरज होती. आज सकाळपासून ती राहिलेली नाही. म्हणून गाळा उघडा टाकून मी सरळ येथे आले आहे. दिव्याला माणसे आजच पाठवावीत.

माझा हा जबाब मी सांगितला तसा मराठीत उतरवून घेतला आहे. तो मला वाचून दाखवला, मीही स्वतः वाचला, तो बरोबर आहे. शेवंतीबाई मी येण्याआधीपासून बाहेर बाकावर बसल्या आहेत. सकाळी आलेल्या शब्दाविषयी त्यांना अद्याप सांगितलेले नाही.

(सही) वासंती वि. कर्णिक