शेवंताच्या पडवीतलं पाऊल

तुम्हाला म्हणून सांगते, कोबा सुकला का, हे पाय ठेवून बघू नका.

रविवारी शेवंताच्या मुलीला बघायला मुंबईचे पाहुणे येणार होते, म्हणून तिनं पडवीत नवा कोबा करून घेतला. गवंडी बाळूमामानं तो थापीनं घोटून आरशासारखा केला आणि जेवायला गेला. मी शेजारीण, सहज बघायला गेले. चप्पल काढली, तेवढी रीत मला कळते. एकच पाऊल टाकलं, ते रुतलंच! पाय धुऊन गुपचूप घरी आले.

तासाभरानं आरडाओरडा झाला, तशी मीही धावले.

"कुणी गो केलं हे?" शेवंता रडवेली झाली होती.

"तुझा कुत्रा असंल," मी म्हटलं.

बाळूमामा वाकून बघत म्हणाला, "वयनी, कुत्र्यानं जोडवी कधीपासून घातली?"

शेवंता माझ्या पायांकडे बघायला लागली. मी साडी खाली ओढली.

"आता बुजवलं तर ठिगळ दिसंल," मामा म्हणाला.

"ऱ्हाऊ दे मामा," शेवंताला हसू फुटलं. "पाहुणे आले की ही डोकवायला येणारच हाय. उभं कुठं ऱ्हायाचं, ते तरी ठरलं!"