पन्नासाव्या सेकंदाला विक्रमसाहेब

—न्हाय गं करिष्मा, तू घाबरू नकोस, घाबरायचं काम माझं हाय. बस की. विक्रमसाहेबांनी माझ्या जागी घेतलं ना तुला? म्हणाले असतील, कंपनीची वेबसाइट मढ्यागत पडलीया, जरा हलती-फिरती कर — आणि तुला जमेना, म्हणून जिनं केली तिचं घर शोधत आलीस. बरं केलंस. माझा पासवर्ड काढून घेतलाय, न्हायतर मीच — अगं आई गं! — कुकर हाय व्हय. धस्स झालं बघ. तर अवघड काही न्हाय. फौंड्रीतल्या माणसांचं पान उघड. एका माणसाची एक ओळ — नाव, काम, रुजू झाल्याची तारीख, फोटो. माणूस आला की ओळ घालायची, गेला की खोडायची. माझ्यामागं कुणालाबी जमावं म्हणून सोपं ठेवलं, आणि पुरं झाल्यावर दुसऱ्याच दिवशी साहेब म्हणाले, 'एवढं सोपं हाय, मग तू कशाला?' हसत म्हणाले. मीबी हसले, येडी. उद्यमबागेच्या स्टॉपवर दोन बसा सोडल्या, डोळे पुसत.

ते मी सोडलंय. सोडलंय म्हणजे — न्हाय सोडलं, पण ते माझं. आप्पांचं सोडणार न्हाय. माझे आप्पा, मष्णू, तुमच्याच फौंड्रीत साच्यात वाळू ठोकून म्हातारे झाले. खंडेनवमीला भट्टीची पूजा झाली की नारळ कुणी फोडायचा? सगळ्यात जुन्या कामगारानं — थोरल्या मालकांपासूनची रीत. बारा वर्षं आप्पाच फोडायचे, दाढी करून, कडक टोपी घालून. गेल्या साली हे विक्रमसाहेब, थोरल्या मालकांचे पुतणे, कारभार बघायला आले, येऊन महिना झाला नव्हता, आणि हातातला नारळ काढून घेतला गं! 'मागं सरका मामा, फोटोत येताय.' आप्पा सरकले. घरी येऊन टोपी धुवून ठेवली. विचारलं तर म्हणतात, नारळ नासका निघाला. आता सहा महिन्यांनी रिटायर — म्हणजे परवाची खंडेनवमी शेवटची.

परवा पूजेला मोठा पडदा लावून हे पान दावणार, पुण्याची गिऱ्हाईकं येणार, साहेब माइक घेऊन शेजारी उभारणार — व्हय की न्हाय? मग कोडमध्ये ह्या दोन ओळी घाल. पहिलीनं फोटो खालून अलगद वर येतो, पुसटाचा ठळक होत. दुसरी सांगते कुणी किती थांबायचं. तारखेप्रमाणं — जुना तो आधी, एकेकाला एक सेकंद. फोटोंच्या जागा मात्र हलवायच्या न्हायत हां. ध्यानात आलं? साहेबांचा मोठा चौकोन सगळ्यात वर, आणि तो रिकामा! खाली ठोकणारे, ओतणारे, घासणारे एकेक करून उभारतायत, गिऱ्हाईकं मान वर करून बघतायत, वर काहीच न्हाय. पन्नासाव्या सेकंदाला साहेब. पुसू दे घाम. आणि तुझी ओळ एवढ्यात घालू नकोस, तू सगळ्यात नवी, त्यांच्यामागनं येशील — ते शेवटचेच पायजेत मला. विचारलं तर सांग, सीनियॉरिटीप्रमाणं हाय. खोटं एक अक्षर न्हाय त्यात. माझं नाव घेऊ नकोस. न्हाय, घे. न्हाय — नकोच.

घातल्यास? दाव. थांब, आप्पांचा पहिला येऊ दे, खालच्या रांगेत, डावीकडं — ही कोण? शालूबाई? वाळू चाळतात त्या? तारीख चुकली असंल. वाच बघू. ...आप्पांच्या आधी दोन वर्षं? मीच भरलीया व्हय, हजेरीच्या वहीत बघून. पन्नास तारखा भरल्या आणि डोळ्यांखालनं गेली. मग बारा वर्षं नारळ फोडताना त्या कुठं होत्या? बायकांत. मागं. कुणी विचारलं तरी का त्यांना? आणि आप्पा — त्या चाळायच्या आणि हे ठोकायचे गं, पाच हातांवर. आप्पांना म्हाईत असणार. असणारच.

एक आकडा बदल. फक्त सालातला एक, कुणाच्या बापाला कळतंय — न्हाय. हात लावू नकोस. लावू नकोस म्हणते ना! येऊ देत आप्पा दुसरे. विक्रम पन्नासावाच येतोय न्हवं? मग झालं. मीट तो लॅपटॉप. जा तू आता, करिष्मा, जा — फाटक वाजलं, आप्पा आले. मागच्या दारानं जा.